अभियंत्याचे पान ताजे कसे राहील?

सयाजीराव महाराजांनी १८९० साली बडोद्यात कलाभवन काढले. तेव्हापासून आपल्या मंडळींतील पुष्कळ घरांत यंत्रविद्या किंवा स्थापत्य शिकलेला एखादा मुलगा असतोच. आता मुलीही असतात. पूर्वी अशा मुलाला नोकरी हवी असली, म्हणजे वडील संध्याकाळी चार ओळखीच्या घरी जाऊन बसत आणि चहा संपता संपता विषय काढीत. आज ही ओळखीची घरे संगणकावर गेली आहेत. त्यांतले सर्वांत मोठे लिंक्डइन. ते अमेरिकेत ५ मे २००३ रोजी सुरू झाले आणि २०१६ साली मायक्रोसॉफ्ट कंपनीने विकत घेतले. तेथे प्रत्येकाचे एक पान असते. त्यावर नाव, हुद्दा, शिक्षण आणि केलेली कामे मांडलेली असतात, व माणसे हवी असणारे कारखानदार तेथे शोध घेतात.

आपल्या न्यासाच्या शिष्यवृत्तीवर शिकलेल्या अनेकांची अशी पाने मी पाहिली. बहुतेक पाने पहिल्या नोकरीच्या आनंदात लिहिलेली, आणि त्यानंतर कोणी हात न लावलेली. यात बिघडते काय, ते एका उदाहरणाने सांगतो.

मी ज्या कारखान्यात देखभालीचे काम केले, तेथे एकदा खोदकाम करताना कुदळ पाण्याच्या नळावर बसली. नकाशात त्या जागी नळ नव्हता. बांधताना तो दोन हात सरकवला होता, पण नकाशा दुरुस्त करावयाचे कोणाला सुचले नाही. बांधकाम पुरे झाल्यावर प्रत्यक्ष जसे झाले तसा नकाशा करून ठेवतात, त्याला आम्ही ‘ॲज-बिल्ट’ म्हणतो. लिंक्डइनचे पान म्हणजे अभियंत्याचा ‘ॲज-बिल्ट’ नकाशा होय. काम बदलले की नकाशा बदलला पाहिजे.

आपल्यातीलच एका गृहस्थांचे उदाहरण घ्या. अठरा वर्षांच्या नोकरीनंतर त्यांचा विभाग बंद झाला. वय शेहेचाळीस, घरी दोन मुले शिकणारी. एका रविवारी न्यासाच्या सभागृहात आम्ही त्यांचे पान उघडले. त्यावर ते अजून ‘शिकाऊ अभियंता’च होते! अठरा वर्षांत हाताखाली तीस माणसे आली आणि दोन नवे संच उभे राहिले, पण त्याची एक ओळ नव्हती. मग शोधणाऱ्याला ते सापडावेत कसे?

शोध कसा चालतो, ते समजले म्हणजे निम्मे काम झाले. शोधणारा हुद्दा, कौशल्य आणि गाव असे शब्द घालतो, आणि ते शब्द ज्या पानांवर असतील ती पाने पुढे येतात. म्हणून नावाखालची ओळ सर्वांत महत्त्वाची. तिला २२० अक्षरांची मर्यादा आहे. कारखान्यातला अंतर्गत हुद्दा, ‘अधिकारी श्रेणी दोन’ वगैरे, बाहेरच्या कोणालाही कळत नाही. त्याऐवजी ‘देखभाल अभियंता, पंप व कॉम्प्रेसर, रासायनिक कारखाने’ असे जगाच्या भाषेत लिहावे. स्वतःविषयी लिहावयाच्या भागात २,६०० अक्षरे मावतात, पण ती सगळी भरलीच पाहिजेत असे नाही.

कामाचे वर्णन करताना ‘जबाबदारी सांभाळली’ या शब्दांनी काहीच कळत नाही. अडचण काय होती, आपण काय केले आणि फळ काय मिळाले, एवढे तीन वाक्यांत सांगावे. ‘पंपांची सीले वारंवार गळत, कारण शोधून सीलचा प्रकार बदलला, गळती थांबली.’ आकडा खात्रीचा असेल तर द्यावा, नसेल तर मुळीच देऊ नये. मुलाखतीला बसणाराही अभियंताच असतो, आणि त्याच्या दुसऱ्या प्रश्नाला फुगवलेला आकडा फुटतो. दहा जणांनी केलेले काम एकट्याच्या नावावर घालू नये. मालकाचे नकाशे, प्रक्रियेचे तपशील व गिऱ्हाइकांची नावे परवानगीवाचून कधीही देऊ नयेत.

जुने काढून टाकणे हेही नवे घालण्याइतकेच आवश्यक आहे. पायथन या संगणकभाषेच्या दुसऱ्या आवृत्तीची डागडुजी १ जानेवारी २०२० पासून थांबली. तीच मुख्य विद्या म्हणून पानावर मिरवली, तर माणूस तेथेच थांबला असे पाहणाऱ्यास वाटते. काँक्रीटचे काम करणाऱ्याने भारतीय मानक ४५६ च्या कोणत्या सालच्या आवृत्तीप्रमाणे काम केले, तेही लिहावे.

भगिनींसाठी दोन गोष्टी. लग्नानंतर नाव बदलले असेल, तर पूर्वीचे नावही जोडण्याची सोय तेथे आहे; पदवीपत्रावरील नाव व आजचे नाव यांचा मेळ त्याने बसतो. मुलांसाठी किंवा घरच्या आजारपणासाठी नोकरी सोडली असेल, तर तो काळ उघडपणे नोंदण्याची सोय २०२२ सालापासून झाली आहे. त्यात लाजण्यासारखे काही नाही.

नोकरी शोधत असल्याची खूण सर्वांना दिसेल अशी ठेवता येते, किंवा केवळ नोकरभरती करणाऱ्यांना दिसेल अशीही. दुसऱ्या प्रकारात आपल्याच कंपनीच्या माणसांपासून ती लपविण्याचा प्रयत्न होतो, पण त्याची हमी नाही. नोकरीत असलेल्याने हे ध्यानात ठेवूनच खूण करावी. आणि नोकरी लावून देतो म्हणून कोणी अनामत किंवा नोंदणीचे पैसे मागितले, तर तेथेच बोलणे संपवावे. वडीलधाऱ्यांनी मुलांना हे जरूर सांगावे. कारण पैसे बहुधा त्यांच्याच पेटीतून जातात.

हे सारे नोकरी गेल्यावर करू म्हटले, तर हातून नीट होत नाही. मन खचलेले असते आणि तारखाही आठवत नाहीत. मी तर सुचवीन की दर दिवाळीला घरची साफसफाई करताना अर्धा तास या पानालाही द्यावा. वर्षात काय नवे केले, काय शिकलो, काय कालबाह्य झाले, एवढे तीन प्रश्न स्वतःला विचारले म्हणजे पुरे.

त्या गृहस्थांचे पुढे काय झाले, हे वाचकांस जाणून घ्यावेसे वाटेल. त्यांचे पान पुरे करावयास तीन रविवार लागले. काही आठवड्यांनी दहेजला गेलेल्या एका जुन्या सहकाऱ्याने ते वाचले आणि फोन केला. तो म्हणाला, “अरे, तू एवढे सगळे केलेस हे मला ठाऊकच नव्हते!” एका छताखाली सहा वर्षे काम केलेला माणूस हे बोलला. आज ते गृहस्थ दहेजलाच आहेत, आणि शिष्यवृत्तीच्या मुलांची पाने तपासावयास महिन्यातून एका रविवारी सभागृहात येतात.