पाण्यानें थंड होणारा संगणक : गुण आणि दोष

कर्जत व खालापूर तालुक्यांतील पुष्कळ घरीं आतां मेजावरचा संगणक आला आहे, आणि त्याच्या पाठोपाठ एक नवा वादही आला आहे. मुलगा म्हणतो, "बाबा, ह्याला लिक्विड कूलर घेऊं या, म्हणजे संगणक थंड राहील." वडील म्हणतात, "अरे, विजेच्या यंत्रांत कोणी पाणी घालतें काय?" दोघांच्याही बोलण्यांत थोडें तथ्य आहे आणि थोडा गैरसमज आहे. हा संच स्वस्त नसतो. म्हणून तो कसा चालतो, त्याचे गुणदोष कोणते, आणि आपल्या भागांतील हवामानांत त्याचा उपयोग किती, हें विद्यार्थ्यांनीं व त्यांच्या पालकांनीं एकदां नीट समजून घेतलेलें बरें.

प्रथम ही उष्णता येते कोठून तें पाहूं. घाटमाथ्यावरील तलावांचें पाणी खालीं आणून खोपोलीस १९१५ सालीं व भिवपुरीस १९२२ सालीं वीज उत्पन्न होऊं लागली, हें येथील मुलांस ठाऊक असतेंच. पडणाऱ्या पाण्याची शक्ति विजेंत बदलते. आणि ती वीज संगणकांत शिरली म्हणजे तिच्यापैकीं जवळजवळ सर्व शेवटीं उष्णतेंत बदलते. गणित सोडविलें, चित्र काढलें किंवा खेळ खेळला, तरी परिणाम हाच. स्वस्थ बसलेल्या माणसाच्या शरीरांतून सुमारें १०० वॅट उष्णता बाहेर पडते. साध्या प्रोसेसरची उष्णता ६५ वॅटच्या आसपास धरतात, आणि भारी जातीचा प्रोसेसर पूर्ण जोरानें चालला तर ती २५० वॅटच्याही वर जाते. म्हणजे अडीच माणसांच्या अंगची ऊब बोटाच्या नखाएवढ्या जागेंतून बाहेर काढावयाची! ती वेळेवर निघाली नाहीं आणि तपमान सुमारें ९५ ते १०० अंशांपर्यंत चढलें, तर प्रोसेसर आपण होऊन आपला वेग कमी करतो. त्याहून अधिक तापल्यास संगणक बंद पडतो.

ही उष्णता काढण्याची नेहमींची रीत अशी कीं, प्रोसेसरवर धातूच्या पातळ पात्यांचा ठोकळा बसवावयाचा व त्यावर पंख्यानें वारा घालावयाचा. दुसरी रीत पाण्याची. बंदिस्त संचांत प्रोसेसरवर तांब्याची एक लहान पोकळ पेटी बसते. तिच्या आंत केसासारख्या बारीक खांचा असतात व त्यांतून पाणी वाहतें. एक छोटा पंप तें पाणी रबरी नळ्यांतून रेडिएटरकडे ढकलतो, रेडिएटरवरील पंखे त्यांतील उष्णता हवेंत सोडतात, आणि निवालेलें पाणी पुन्हां तांब्याच्या पेटीकडे येतें. हें पाणी कारखान्यांतच भरून सील केलेलें असतें. त्यांत गंज व शेवाळ न धरावें म्हणून औषधी द्रव्यें मिसळलेलीं असतात.

येथें एक गैरसमज दूर केला पाहिजे. माठांतील पाणी गार होतें, कारण त्यांतील थोडें पाणी सच्छिद्र मातींतून पाझरून त्याची वाफ होते व ती उष्णता घेऊन जाते. संगणकाच्या संचांत अशी वाफ होऊं दिलेली नसते. तेथें पाणी गारवा उत्पन्न करीत नाहीं, केवळ हमालाचें काम करतें. एका ठिकाणची उष्णता उचलून दुसऱ्या ठिकाणीं नेऊन टाकतें. खोपोलीहून खंडाळ्याकडे बोरघाट चढतांना जुना ट्रक थांबवून इंजिन निववीत असलेले चालक पुष्कळांनीं पाहिले असतील. तेथेंही रेडिएटर असतो, पाणी असतें, पंखा असतो. तरीही चढ मोठा, वेग मंद व वारा उष्ण असला म्हणजे पाणी उकळूं लागतें. बाहेरची हवा जितकी घेईल तितकीच उष्णता रेडिएटर देऊं शकतो.

मग पाणीच कां निवडावें? ह्याचें उत्तर अंकांत पाहूं. २०० वॅट उष्णता वाहून नेण्यास मिनिटाला एक लिटर पाणी फिरविलें, तर त्या पाण्याचें तपमान जेमतेम तीन अंशांनीं वाढतें. तेवढीच उष्णता तेवढ्याच वाढींत हवेकडून न्यावयाची तर मिनिटाला सुमारें साडेतीन हजार लिटर हवा लागेल! म्हणून अतिशय तापणाऱ्या व दाट भरलेल्या यंत्रांत द्रवाचा आश्रय घेणें ही जुनी युक्ति आहे. आय. बी. एम. कंपनीचा १९८० सालचा ३०८१ हा मोठा संगणक पाण्यानें थंड राखीत. १९८५ सालच्या क्रे-२ ह्या महासंगणकाचे भाग तर वीज न वाहणाऱ्या एका द्रवांतच बुडविलेले होते. घाट चढून गेलें कीं पुणें. तेथील आयसर ह्या संस्थेंत २०१९ सालीं उभारलेल्या 'परम ब्रह्म' महासंगणकांतही द्रवच थेट तापणाऱ्या भागांपर्यंत नेऊन उष्णता काढण्याची योजना आहे. तेव्हां विजेच्या यंत्राजवळ पाणी नेणें हा वेडेपणा नव्हे. प्रश्न एवढाच कीं, महासंगणकास जें आवश्यक तें आपल्या घरच्या संगणकास आवश्यक आहे काय?

आधीं गुण सांगतों. पहिला गुण म्हणजे मोठ्या प्रोसेसरला तासन्‌तास पूर्ण वेगानें काम करावयाचें असेल, तर मोठा जलसंच त्याचा वेग घटूं देत नाहीं. दुसरा गुण, पाणी सावकाश तापतें व सावकाश निवतें. म्हणून पंखे क्षणोक्षणीं ओरडत नाहींत. तिसरा गुण वजनाचा. वाऱ्यावर चालणारे मोठे ठोकळे किलोभर किंवा त्याहूनही जड असतात व ते मदरबोर्डास लोंबकळतात; संगणक खाचखळग्यांच्या रस्त्यानें न्यावयाचा असेल तर त्यांचा हिसका धोक्याचा ठरतो. जलसंचाची पेटी हलकी असते, आणि जड रेडिएटर कॅबिनेटच्या पत्र्यास घट्ट बांधलेला असतो. शिवाय रेडिएटर कॅबिनेटच्या कडेस बसल्यामुळें प्रोसेसरची उष्णता थेट बाहेर टाकतां येते.

आतां दोष. सर्वांत मोठी मर्यादा पाण्याच्या स्वभावांतच आहे. ह्या संचांतील पाणी खोलीच्या हवेहून थंड होऊं शकत नाहीं. एप्रिल-मे महिन्यांत कर्जतला पारा चाळीस अंशांवर जाणें नवलाचें नाहीं. अशा दिवशीं पत्र्याखालच्या खोलींत ठेवलेल्या संगणकाचें पाणी चाळिसाच्या वरच राहणार. शिवाय उष्णता नाहींशी होत नाहीं. ती खोलींतच येऊन पडते व खोली पूर्वीइतकीच तापते.

दुसरा दोष पंपाचा. साध्या ठोकळ्याचा पंखा बंद पडला तरी धातूचीं पातीं थोडीफार उष्णता सोडीत राहतात, आणि नवा पंखा थोडक्या पैशांत व थोडक्या वेळांत बसतो. पंप थांबला तर मात्र पाण्याचें वाहणेंच थांबतें व तपमान झपाट्यानें चढतें. बंदिस्त संच सहसा घरीं उघडून दुरुस्त होत नाहीं. तो बदलूनच घ्यावा लागतो, आणि तोंवर संगणक बंद.

तिसरा दोष आयुष्याचा. रबरी नळींतून पाण्याची वाफ वर्षानुवर्षें अगदीं थोडी थोडी बाहेर जाते व आंत हवेचा बुडबुडा वाढतो. म्हणून पंप हा सर्व योजनेंत सर्वांत उंच जागीं ठेवूं नये. नाहींतर हवा त्यांत अडकून तो घुरघुरूं लागतो. पुष्कळ संचांत पेटी तांब्याची व रेडिएटर ॲल्युमिनियमचा असतो. दोन भिन्न धातु एकाच पाण्यांत असल्या म्हणजे झीज होण्याचा संभव राहतो. तो औषधी द्रव्यें बरीच वर्षें टाळतात, परंतु कायमचा नव्हे. गळती क्वचितच होते, पण झाली तर मदरबोर्डासारख्या महाग वस्तूचा नाश करूं शकते. ह्याशिवाय साध्या पंख्याचा वारा प्रोसेसरशेजारच्या भागांसही मिळत असतो, तो जलसंचांत मिळत नाहीं. आणि किंमत तर चांगल्या साध्या ठोकळ्याच्या दुपटी-तिपटीवर सहज जाते.

पावसाळ्यांतील दमट हवेमुळें नळ्यांवर दंव धरेल अशी कित्येकांस भीति वाटते. ती निराधार आहे. कारण दंव धरण्यास वस्तु हवेहून थंड असावी लागते, आणि हें पाणी तसें कधींच नसतें. खरा शत्रु धूळ होय. रस्त्याची धूळ आणि घरांतील कापसाचे तंतु रेडिएटरच्या बारीक पात्यांत बसले कीं महाग संचही निरुपयोगी होतो. पाण्यानें थंड होणाऱ्या संगणकास सफाई लागत नाहीं, ही समजूत चुकीची आहे.

असो. तात्पर्य काय? संगणक तापतो असें वाटतांच दुकानाकडे धांवूं नये. प्रथम तपमान दाखविणारी एखादी फुकट मिळणारी संगणक-प्रणाली घेऊन काम चालू असतांना अंक पाहावे. मग संगणक बंद करून, तार काढून, मऊ कुंचल्यानें धूळ झाडावी. कॅबिनेट भिंतीपासून वीतभर दूर ठेवावें व त्यावर उन येऊं देऊं नये. जुन्या यंत्रांत प्रोसेसर व ठोकळा ह्यांमधील थर्मल पेस्ट सुकलेली असते. ती जाणत्याकडून बदलून घ्यावी. एवढ्यानें पुष्कळदां काम भागतें. न भागल्यास चांगला साधा ठोकळा घ्यावा. अभ्यास, लेखन, हिशेब व शाळेंतील प्रोग्रॅमिंग ह्यांस त्याहून अधिक कांहीं लागत नाहीं. वांचलेल्या पैशांत संगणकाची स्मृति वाढवितां येते, आणि तिचा उपयोग रोज होतो. चलच्चित्रांचें संपादन किंवा मोठीं त्रिमिति चित्रें करण्याचें काम ज्याचें रोजचें आहे व ज्याच्याकडे भारी प्रोसेसर आहे, त्यानें मात्र मोठा जलसंच खुशाल घ्यावा, व पांच-सहा वर्षांनीं तो बदलावा लागेल हा खर्चही आधींच हिशेबांत धरावा.

विद्यार्थ्यांनों, पालकांपाशीं एखादी महाग वस्तु मागतांना तिची चकाकी दाखवूं नका, अंक दाखवा. धूळ झाडण्यापूर्वीं तपमान किती होतें, झाडल्यावर किती झालें, आणि किती तासांच्या कामानें वेग घटतो, हें वहींत मांडून समोर ठेवा. मग उत्तर होकारार्थी येवो वा नकारार्थी, तें विचारपूर्वक दिलेलें असेल.