समुद्र आणि आपण : सोपारा बंदराची कहाणी

नालासोपारा स्थानकात लोकलमधून उतरणाऱ्या गर्दीला आपण एका प्राचीन बंदराच्या वेशीत उतरलो आहोत, याची जाणीव क्वचितच असते. पावसाळ्यात रूळ पाण्याखाली गेले आणि गाड्या थांबल्या की आपण सारे त्रस्त होऊन विचारतो, ‘एवढे पाणी येते तरी कोठून?’ या प्रश्नाचे उत्तर केवळ तुंबलेल्या गटारात सापडत नाही. ते या भूमीच्या इतिहासातही आहे. आज जेथे वस्ती उभी आहे, त्या परिसरात एकेकाळी खाडी वाहत होती, गलबते नांगरली जात होती आणि इजिप्तपर्यंतच्या व्यापाऱ्यांना या गावाचे नाव ठाऊक होते. समुद्र माणसाचे जीवन कसे घडवितो, हे समजून घेण्यासाठी आपल्याला दूर जाण्याची गरज नाही. सोपाऱ्याची कहाणी त्यासाठी पुरेशी आहे.

वाऱ्यांनी आखलेला मार्ग

उन्हाळ्यात भूमी लवकर तापते, समुद्र मात्र सावकाश तापतो. तापलेल्या भूमीवर हवेचा दाब कमी होतो आणि समुद्रावरील बाष्पाने भरलेले वारे तिकडे धाव घेतात. हेच आपले नैर्ऋत्य मोसमी वारे. सह्याद्रीच्या भिंतीला ते अडतात, वर चढतात, थंड होतात आणि कोकणावर दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पाडतात. हिवाळ्यात क्रम उलटतो. भूमी लवकर निवते आणि वारे ईशान्येकडून समुद्राकडे वाहू लागतात. ‘मोसमी’ हा शब्दच मुळी ‘ऋतू’ या अर्थाच्या ‘मौसिम’ या अरबी शब्दावरून आला आहे.

जे वारे शेतकऱ्याला पाऊस देतात, तेच शिडाच्या जहाजांना गती देत. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका अज्ञात ग्रीक व्यापाऱ्याने ‘पेरिप्लस’ नावाची प्रवासपुस्तिका लिहिली. भर समुद्र ओलांडून थेट भारताकडे येण्याचा मार्ग हिप्पालस नावाच्या नाविकाने शोधला, असे तो सांगतो. अरब आणि भारतीय दर्यावर्दींना हे वारे बहुधा त्यापूर्वीच परिचित असावेत. इजिप्तहून जहाजे जुलैच्या सुमारास निघत, नैर्ऋत्य वाऱ्यांवर स्वार होऊन आपल्या किनाऱ्याला लागत आणि हिवाळ्यातील ईशान्य वाऱ्यांबरोबर परत जात. मधले महिने व्यापाऱ्यांना येथेच थांबावे लागे. माल येई, तसे माणसांचे विचार, भाषा आणि श्रद्धाही येत.

बंदराचे वैभव

त्याच पेरिप्लसमध्ये भडोचच्या दक्षिणेकडील बंदरांच्या यादीत ‘सुप्पारा’ म्हणजे सोपारा आणि ‘कल्लिएना’ म्हणजे कल्याण यांची नावे आढळतात. महाभारतात हेच गाव ‘शूर्पारक’ म्हणून येते. बौद्ध वाङ्मयातील पूर्ण हा समुद्रव्यापारी याच गावचा. कार्ले आणि कान्हेरी येथील लेण्यांतील शिलालेखांत सोपाऱ्याच्या दात्यांचा उल्लेख आहे. घाटावरून उतरणारा माल कल्याण-सोपाऱ्याला येई आणि बंदरातील पैसा घाटवाटांनी वर जाऊन लेण्यांच्या रूपाने पाषाणात स्थिरावे, असे त्यावरून म्हणता येते.

हे वैभव अल्पजीवी नव्हते. शिलाहार राजा अनंतदेव याच्या १०९४ सालच्या खारेपाटण ताम्रपटात ठाणे, सोपारा, चौल आदी बंदरांत येणाऱ्या काही विशिष्ट व्यापाऱ्यांच्या जहाजांना जकातमाफी दिल्याची नोंद आहे. म्हणजे पेरिप्लसनंतर हजार वर्षांनीही या बंदरावर जकात घेण्याजोगा व्यापार चालू होता.

पाण्यावरच्या सीमा

समुद्रावर कुंपण घालता येत नाही. तरीही माणसाने पाण्यावर सीमा आखल्या आणि त्यांचे परिणाम बंदरांनी भोगले. पेरिप्लसचा लेखक सांगतो की, कल्याण हे पूर्वी अधिकृत व्यापारी बंदर होते. परंतु सत्ता बदलल्यावर त्याची कोंडी झाली आणि तेथे चुकून आलेले ग्रीक जहाज पहाऱ्यात भडोचला नेले जाई. दोन राज्यांच्या वैरात बंदराचा श्वास कसा कोंडला जातो, याचे हे दोन हजार वर्षांपूर्वीचे उदाहरण आहे.

पुढे २३ डिसेंबर १५३४ रोजी गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने तहान्वये वसई पोर्तुगीजांना दिली. त्या तहाच्या अटी बोलक्या आहेत. गुजरातमधून तांबड्या समुद्राकडे जाणाऱ्या जहाजांनी वसईहून निघावे, परतताना वसईलाच जकात भरावी आणि पोर्तुगीजांचा परवाना घेतल्यावाचून कोणी समुद्रात जाऊ नये, असे ठरले. या परवान्याला ‘कार्ताझ’ म्हणत. पोर्तुगीजांना जमिनीपेक्षा पाण्यावरील वाटांची मालकी महत्त्वाची होती. १७३९ साली चिमाजी आप्पांनी वसई जिंकली, तेव्हा या किनाऱ्यावरील सत्तेचा तोलच बदलला.

आज सीमा मैलांनी मोजल्या जातात. किनाऱ्याच्या आधाररेषेपासून बारा सागरी मैल, म्हणजे सुमारे बावीस किलोमीटर, हा देशाचा प्रादेशिक समुद्र. तर दोनशे सागरी मैलांपर्यंत, म्हणजे सुमारे ३७० किलोमीटरपर्यंत, मासे, खनिजे आणि तेल यांवर देशाचा विशेष हक्क. भारताचा यासंबंधीचा कायदा १९७६ चा, तर संयुक्त राष्ट्रांचा सागरी करार १९८२ चा आहे. कच्छजवळील सर क्रीकचा भारत-पाकिस्तान वाद मात्र अद्याप सुटलेला नाही आणि त्याची झळ गरीब मच्छीमारांना बसते. गुजरातच्या बोटींवर खलाशी म्हणून जाणारे पालघर जिल्ह्यातील तरुणही पाकिस्तानी तुरुंगात अडकल्याचे आपण जाणतो. जी रेषा डोळ्यांना दिसत नाही, ती ओलांडल्याबद्दल एखाद्या घरातील चूल कित्येक महिने थंड राहते.

तारे, तिथी आणि वाट

होकायंत्राच्या आधी दर्यावर्दी ताऱ्यांवर विसंबत. अरब नाविक ‘कमाल’ नावाची लाकडी पाटी गाठी मारलेल्या दोरीने डोळ्यांसमोर धरून ध्रुवताऱ्याची उंची मोजत आणि आपण किती उत्तरेला आहोत, हे ताडत. आपल्या किनाऱ्यावरील ज्ञानही कमी नव्हते. ‘तिथीची पाऊणपट’ हा भरतीचा हिशेब आपल्या वाडवडिलांना तोंडपाठ असे. चतुर्थीला सुमारे तीन वाजता आणि अष्टमीला सुमारे सहा वाजता पूर्ण भरती. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा उगवतो, म्हणून भरतीही रोज तेवढीच पुढे सरकते. पुनवेला आणि अवसेला सूर्य-चंद्रांची ओढ एका रेषेत येते, तेव्हा उधाण येते; अष्टमीच्या सुमारास पाण्याचा जोर ओसरतो, तो भांग.

एवढे ज्ञान असूनही समुद्र माणसाला नको तेथे नेई. १३२१ साली चार फ्रान्सिस्कन मिशनरी आणि डॉमिनिकन फ्रायर जॉर्डन हे केरळातील कोल्लमला जाण्यासाठी निघाले होते. पण त्यांचे जहाज ठाण्याला लागले. फ्रायर जॉर्डन सोपाऱ्याकडे गेले असता मागे ठाण्यात चौघे हुतात्मे झाले. जॉर्डन यांनी त्यांचे पार्थिव सोपाऱ्याला आणून दफन केले. पुढे सोळाव्या शतकात वसईत जन्मलेले गोन्सालो गार्सिया याच समुद्रमार्गाने जपानला पोहोचले, तेथे व्यापारी झाले, मग फ्रान्सिस्कन बंधू झाले आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे हुतात्मे झाले. मसाल्याच्या वाटांवरूनच श्रद्धेचीही ये-जा झाली, हे आपण विसरता कामा नये.

भूमीच्या पोटातील साक्ष

हे सारे केवळ ग्रंथांवर विसंबून नाही. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी सोपाऱ्यातील ‘बुरुड राजाचा कोट’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या टेकाडाचे उत्खनन केले. तो बौद्ध स्तूप निघाला. आत दगडी पेटी, तिच्यात एकात एक ठेवलेले तांबे, चांदी, पाषाण, स्फटिक आणि सोने यांचे करंडक, बुद्धांच्या आठ कांस्यमूर्ती आणि यज्ञ सातकर्णीचे चांदीचे नाणे सापडले. त्याच वर्षी सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला, तर नवव्याचा तुकडा १९५६ साली भुईगाव येथे मिळाला. ज्या गावी सम्राट आपली आज्ञा कोरवून घेतो, ते गाव आडवळणाचे नसते.

समुद्राच्या पलीकडची साक्षही याला जुळते. तांबड्या समुद्रावरील इजिप्तच्या बेरेनिके बंदरात उत्खननात भारतीय रांजणात सुमारे साडेसात किलो काळी मिरी मिळाली, तसेच भारतातून गेलेले सागवानही मिळाले. इकडे घारापुरी बेटावर मोरा बंदराजवळ मद्य-तेल वाहून नेण्याच्या रोमन कुंभांची खापरे सापडली. दोन्ही किनाऱ्यांनी एकमेकांची खूण जपून ठेवली आहे.

खाडी बुजली, बंदर संपले

मग असे बंदर लयाला का गेले? सोपाऱ्याचे सामर्थ्य उघड्या समुद्रात नव्हते. ते खाडीत होते. उत्तरेची वैतरणा आणि दक्षिणेची वसईची खाडी यांच्यामधील पाण्याने वसईचे बेट मुख्य भूमीपासून वेगळे केले होते आणि त्या आडोशाला सोपारा वसले होते. वादळापासून खाडी जहाजांना जपत असे. परंतु नद्यांनी आणलेला गाळ साचत गेला, पात्र उथळ झाले आणि जहाजे अन्य बंदरांकडे वळली. ठाणे, वसई आणि अखेर मुंबई मोठी झाली. कोणा शत्रूने जिंकण्याची वाट न पाहता सोपाऱ्याचे बंदर गाळाने संपविले.

तेथे हे काम निसर्गाने अनेक शतकांत केले. आज तेच काम आपण काही वर्षांत करीत आहोत. खाड्या, मिठागरे, तिवरांची वने आणि बावखले भरावाखाली जात आहेत. उधाणाच्या वेळी अतिवृष्टी झाली की पावसाचे पाणी समुद्रात उतरू शकत नाही; ते थांबण्यासाठी जागा शोधते. ती जागा म्हणजे हीच सखल भूमी. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा हा अनुभव मुंबईने घेतला. जुलै २०१८ मध्ये वसईच्या मिठागरातील कुटुंबे पाण्याने वेढली गेली, तेव्हा तो आपण घेतला.

बावखलाचे महत्त्वही समजून घ्यावयास हवे. किनाऱ्यावर गोडे पाणी हलके असल्याने जमिनीखाली खाऱ्या पाण्यावर तरंगते. शास्त्राचा ढोबळ नियम असा की, गोड्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीपेक्षा एक मीटर उंच असली, तर खाली सुमारे चाळीस मीटरपर्यंत गोडे पाणी टिकते. बावखलात मुरलेला पाऊस ही पातळी राखतो. बावखल बुजविले आणि कूपनलिकांनी उपसा वाढविला की खारे पाणी वर सरकते. विहीर एकदा मचूळ झाली की केळीची बाग आणि फुलांची वाडी फार काळ तग धरीत नाही.

अरबी समुद्राचे तापमानही वाढते आहे. ३ जून २०२० चे ‘निसर्ग’ आणि मे २०२१ चे ‘तौक्ते’ ही चक्रीवादळे आपल्या स्मरणात ताजी आहेत. वाढवण येथील नव्या बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी झाली. व्यापार वाढेल, असे एक बाजू म्हणते. मासेमारीचे क्षेत्र आणि किनारा यांचे काय होईल, असे तेथील मच्छीमार विचारतात. सोपाऱ्याचा इतिहास ठाऊक असलेल्यांना हा प्रश्न गैरलागू वाटणार नाही.

आपल्या पूर्वजांनी समुद्राकडून पाऊस, मासळी, मीठ, व्यापार आणि श्रद्धेची शिदोरी घेतली आणि त्याच्या पाण्यासाठी खाडी व बावखले मोकळी ठेवली. आपणही निदान आपल्या वाडीतील बावखल बुजू देऊ नये, गावच्या खाडीत भराव पडत असेल तर ग्रामसभेत आवाज उठवावा आणि आपल्या मुलांना एकदा तरी बुरुड राजाचा कोट दाखवून आणावा. आपण बंदरात राहतो, हे त्यांना कळले तर पाण्याची वाट मोकळी का ठेवायची, हेही त्यांना कळेल.