दगडाचा चुना, चुन्याचा दगड

लोहगडाच्या माथ्यावर चुन्याचा घाणा आहे. असे घाणे सह्याद्रीतल्या कित्येक गडांवर दिसतात आणि बहुतेक माणसं त्यांना वळसा घालून टाक्याकडे, नाहीतर बुरुजाकडे निघून जातात. गडावरचं चुन्यातलं सारं बांधकाम ज्या यंत्रातून गेलं, त्याच्यापाशी कुणी दोन मिनिटं थांबत नाही, याचं मला वाईट वाटतं.

घाण्याची रचना अगदी साधी. जमिनीत दगडांनी बांधलेला गोल चर, त्यात उभं फिरणारं जड दगडी चाक, चाकाच्या भोकातून गेलेला लाकडी दांडा. दांड्याचं एक टोक मधल्या खुंटाला अडकवलेलं, दुसऱ्या टोकाला बैल. चरात विरवलेला चुना, वाळू, विटांची भुकटी म्हणजे सुरखी आणि बेताचं पाणी टाकायचं आणि बैल फिरवत राहायचं. चाक नुसतं कालवत नाही, ते रगडतं. चुन्याच्या गुठळ्या फुटतात, वाळूच्या प्रत्येक कणाला चुन्याचा लेप बसतो. फावड्याने कालवलेल्या मालात आणि घाण्यातून निघालेल्या मालात फरक पडतो तो इथे. मळून झालेला माल ओला ठेवून मुरवत, मग गवंड्याच्या हाती देत.

पण या डोंगरात चुना आला कुठून? सह्याद्री काळ्या पाषाणाचा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचून दख्खनचं पठार झालं. त्यात समुद्रतळाशी तयार झालेल्या चुनखडीच्या खाणी सापडायच्या नाहीत. चुना मिळाला तो याच काळ्या पाषाणाच्या झिजण्यातून. बेसाल्टमधल्या खनिजांत कॅल्शियम असतं. दगड झिजला की ते पाण्यात उतरतं, पाण्याबरोबर काळ्या मातीत मुरतं आणि कोरड्या दिवसांत पाणी उडून गेलं की कॅल्शियम कार्बोनेटच्या रूपाने तिथेच धरतं. शेत नांगरताना, ओढ्याच्या दरडीत, नदीकाठी जे पांढरे-करडे, ओबडधोबड खडे वर येतात, ते हेच. कंकर म्हणा, चुनखडी म्हणा. शेतकऱ्याला ते नकोसे असतात, भट्टीवाल्याला हवेसे. कोकणात आणि गोव्यात शिंपले भाजून चुना करत. विदर्भात मात्र खरीखुरी खाणीतली चुनखडी आहे. तिच्याकडे पुढे येऊ.

आता भट्टीत काय होतं ते पाहू. शुद्ध चुनखडी म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. साधारण 900 अंश सेल्सियसच्या आसपास ती तापली की तिच्यातून कार्बन डायऑक्साइड निघून जातो. 100 किलो दगड भट्टीत घातला, तर 56 किलो कळीचा चुना हाती येतो आणि 44 किलो वायू आकाशात जातो. दगडाचा आकार फारसा बदलत नाही, पण उचलला की हलका लागतो. अनुभवी भट्टीवाले वजनावरून दगड भाजला की गाभा कच्चा राहिला ते ओळखतात. या 56 किलो कळीवर पाणी टाकलं की ती फसफसते, उकळते, फुटून भुकटी होते आणि 18 किलो पाणी पोटात घेऊन 74 किलो विरलेला चुना होतो. हा चुना भिंतीत गेला, की हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू शोषत पुन्हा 100 किलो दगड होतो आणि वरचं पाणी सोडून देतो. गेलेले 44 किलो परत आलेले असतात. जाड भिंतीच्या पोटात हे पूर्ण व्हायला वर्षं लागतात, कधी शतकं.

हा हिशेब पहिल्यांदा नीट मांडला जोसेफ ब्लॅक या स्कॉटिश वैद्याने. 1756 साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात त्याने तराजूच्या साहाय्याने दाखवलं, की चुनखडी भाजली की तिच्यातून एक वेगळी ‘हवा’ निघते आणि चुना तीच हवा परत घेतो. आपल्या श्वासातही ती असते, हेही त्याला कळलं. शाळेत नळीने चुन्याच्या निवळीत फुंकर मारली आणि निवळी दुधाळ झाली, तेव्हा आपणही चुनखडीच तयार केली होती. त्या काळापर्यंत हवा म्हणजे एकच पदार्थ अशी समजूत होती. वेगवेगळे वायू असतात, या शोधाची सुरुवात चुन्याच्या भट्टीतल्या दगडाने करून दिली.

त्याच वर्षी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यापलीकडे, एडिस्टनच्या खडकावर दीपगृह बांधायचं काम जॉन स्मीटन या अभियंत्याकडे आलं. समुद्राच्या लाटांत साधा चुना धरेना. स्मीटनने ठिकठिकाणच्या चुनखडीचे नमुने गोळा केले, नायट्रिक आम्लात विरघळवले आणि तळाशी काय उरतं ते पाहिलं. ज्या दगडाचा चुना पाण्याखालीही घट्ट होत होता, त्या प्रत्येकाच्या तळाशी चिकणमाती उरत होती. तोपर्यंत जितकी चुनखडी पांढरी आणि कठीण, तितका चुना चांगला, असं मानत. स्मीटनने ते उलटं करून दाखवलं. 1759 साली उभं राहिलेलं त्याचं दीपगृह शंभराहून अधिक वर्षं लाटा झेलत राहिलं. शेवटी हलवावं लागलं ते खालचा खडक झिजला म्हणून.

स्मीटनचा हा शोध मला आपल्या कंकराच्या संदर्भात फार मोलाचा वाटतो. काळ्या मातीत वाढलेला कंकर पांढराशुभ्र नसतो, त्यात चिकणमाती मिसळलेलीच असते. भाजताना चुना आणि मातीतली सिलिका एकत्र येतात आणि असा चुना पावसात, टाक्यात, नदीच्या घाटावरही घट्ट होतो. शिवाय सुरखी. भाजलेल्या मातीची भुकटी चुन्याशी हळूहळू संयोग पावते आणि ओलाव्यातही टणक होते. रोमनांनी ज्वालामुखीच्या राखेकडून जे काम करून घेतलं, तेच आपल्याकडे विटांच्या भुकटीने केलं. गवंड्यांना हे रसायन सूत्रांत माहीत नव्हतं, पण टाक्याला कोणता चुना आणि आतल्या भिंतीला कोणता, हे पक्कं ठाऊक होतं.

मालात गूळ, बेलफळाचा गर, हिरडा, मेथी, उडीद, ताग असे पदार्थ घालत. यातलं काही कौतुकाने सांगितलं जातं, काही हसण्यावारी नेलं जातं. दोन्ही टाळून प्रयोगशाळेत काय दिसतं ते पाहावं. साखरेच्या सान्निध्यात चुना पाण्यात कितीतरी अधिक विरघळतो, त्यामुळे कमी पाण्यात माल मऊ राहतो. डाळींतली प्रथिनं मालात हवेचे बारीक बुडबुडे धरतात. तागाचे धागे तडे रोखतात. मुरवण्याचंही तसंच. प्राचीन रोममध्ये तीन वर्षांपेक्षा कमी मुरलेला चुना वापरायला बंदी होती, असं रोमन लेखक प्लिनीने नोंदवलं आहे. त्यामागचं कारण 1998 साली कार्लोस रॉड्रिगेझ-नव्हारो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली दाखवलं: पाण्याखाली मुरताना चुन्याचे स्फटिक लहान आणि पातळ पापुद्र्यांसारखे होतात, म्हणून मुरलेला चुना लोण्यासारखा पसरतो आणि हवेतला वायू लवकर घेतो.

आता विदर्भाकडे. यवतमाळ जिल्ह्यातला वणीचा परिसर आणि चंद्रपूर जिल्ह्यातले गडचांदूर, आवारपूर, घुग्घुस ही नावं चुनखडीशी जोडलेली आहेत. इथली चुनखडी ज्या खडकसमूहातली आहे त्याला भूवैज्ञानिक पैनगंगा समूह म्हणतात. प्राण्यांना कवचं येण्याच्या फार आधीच्या समुद्रात हे थर बसले. म्हणून शंख-शिंपले शोधायला गेलं तर इथे काही सापडत नाही. सापडतो तो अतिशय बारीक चुनखडी गाळ, थरावर थर. वणीजवळच्या राजूरला कोळसाही आहे आणि चुनखडीही, त्यामुळे तिथे चुन्याच्या भट्ट्या उभ्या राहिल्या. दगड आणि इंधन एका गावात मिळणं हे भट्टीचं मोठं भाग्य.

चुनखडीचा जन्म वाचायची विद्या मात्र शेफिल्डच्या हेन्री सॉर्बीने दिली. 1849 साली त्याने दगडाचा तुकडा घासत घासत इतका पातळ केला की त्यातून प्रकाश आरपार जावा. सहकाऱ्यांना ते विचित्र वाटलं. डोंगर सूक्ष्मदर्शकाखाली कसले पाहायचे? आज जगभरच्या भूविज्ञान विभागांत 0.03 मिलिमीटर जाडीचे असे काप करतात. कापात गाळ किती, कण किती, ते कण शिंपल्यांचे की गोलसर दाण्यांचे, हे मोजून रॉबर्ट फोक यांनी 1959 साली आणि रॉबर्ट डनहॅम यांनी 1962 साली चुनखडीचं वर्गीकरण केलं. गाळ जास्त तर पाणी संथ होतं. कण स्वच्छ धुतलेले तर लाटा जोरात होत्या. खाणीवरची चाचणी याहून सोपी: सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकायचा. चुनखडी लगेच फसफसते. तिचं भावंड डोलोमाइट सहसा भुकटी केल्यावरच.

चुनखडीच्या उपयोगांची यादी लांबलचक आहे, मी दोनच सांगते. खनिजापासून लोखंड गाळताना चुनखडी अशुद्ध द्रव्यं धरून मळीच्या रूपात वेगळी करते. आणि आपल्या अगदी जवळचा उपयोग उसाच्या रसातला. साखर कारखान्यात रसात विरलेला चुना आणि गंधकाचा धूर सोडतात. रसातल्या फॉस्फेटशी चुन्याचा संयोग होऊन साका धरतो, तो मळ घेऊन खाली बसतो आणि वर निवळ रस राहतो. गुऱ्हाळावर गुळव्या रसात चुना टाकतो आणि भेंडीचं चिकट पाणी घालून मळी वर काढतो, तीही याच कुळातली क्रिया.

मग सिमेंट आलं. 1824 साली जोसेफ अॅस्पडिनने पोर्टलंड सिमेंटचं पेटंट घेतलं. आजच्या पद्धतीत चुनखडी आणि चिकणमाती एकत्र करून सुमारे 1450 अंशांपर्यंत तापवायची, दळायची. स्मीटनने पाहिलेला गुण कारखान्यात हवा तसा घडवायचा. ते काही तासांत धरतं, कुठेही सारखंच निघतं, त्याला मुरवावं लागत नाही. धरणं, पूल, उंच इमारती त्याशिवाय झाल्या नसत्या, आणि हे मी मनापासून मानते. पण भट्टीतले ते 44 किलो सिमेंटमध्येही सुटतातच, आणि इंधनाचा धूर वेगळा. जगातल्या कार्बन डायऑक्साइडच्या उत्सर्जनात सिमेंटचा वाटा सात ते आठ टक्क्यांच्या घरात आहे आणि त्यातला निम्म्याहून अधिक चुनखडीतूनच निघतो, म्हणजे इंधन बदलूनही तो थांबत नाही. म्हणून स्वित्झर्लंडमधल्या कॅरन स्क्रिव्हनर यांच्या गटाने आणि दिल्ली आयआयटीसारख्या भारतीय संस्थांनी मिळून वेगळं सिमेंट घडवलं: भट्टीतून निघणारे सिमेंटचे खडे, म्हणजे क्लिंकर, निम्म्यावर आणायचे आणि उरलेल्या जागी भाजलेली चिकणमाती व न भाजलेली चुनखडी दळून घालायची. 2023 साली भारतीय मानक ब्युरोने त्याचं मानकही काढलं. भाजलेली माती आणि चुना यांची जोडी म्हणजे सुरखीचीच विद्या, नव्या मोजमापांनी मांडलेली.

सिमेंटवर माझा राग एकाच ठिकाणी आहे: जुन्या भिंतींत. काळा पाषाण पाणी पुढे जाऊ देत नाही, त्यामुळे भिंतीतली ओल बाहेर पडते ती सांध्यांतून. चुन्याचा सांधा ती वाफ सोडतो. बाहेरून सिमेंटने सांधे भरले की ती वाट बंद होते. पाणी आत साठतं, आतला जुना चुना विरघळवतं, क्षार वर आणतं आणि काही पावसाळ्यांनी भिंतीला पोट येतं. जांभा आणि विटा यांचं नुकसान त्याहून अधिक, कारण सांधा कडक आणि दगड मऊ असला की झिजतो तो दगड. उलट चुन्यात बारीक चीर पडली तर पाण्याबरोबर थोडा चुना तिच्यात उतरतो, सुकतो आणि चीर भरते. जुलै 2025 मध्ये मराठ्यांचे 12 किल्ले जागतिक वारसा यादीत गेले, त्यात लोहगडही आहे. त्यांच्या दुरुस्तीत चुना ओळखणारा माणूस असायलाच हवा आणि त्याला साजेशी मजुरी, पुरेसा वेळ मिळायला हवा. महिनाभरात काम उरकायची अट घालून चुन्याचं काम होत नाही.

वाडा, देऊळ, विहीर, गावची वेस, जे काही जुनं तुमच्या ताब्यात असेल, त्याला हात लावण्याआधी सांध्यातल्या मूळ मालाचा एक तुकडा काढा आणि तपासून घ्या. सौम्य आम्लात चुना विरघळतो, वाळू, सुरखी आणि माती तळाशी उरते. त्यावरून जुन्या गवंड्याचं प्रमाण बऱ्यापैकी कळतं. कळीचा चुना विरवताना डोळ्यांना चष्मा आणि हातांना मोजे हवेतच, मुलांना लांब ठेवा, आणि डोळ्यात चुना गेला तर लगेच भरपूर पाण्याने धूत राहून डॉक्टर गाठा. नव्या चुन्याच्या कामावर उन्हाची तिरीप येऊ देऊ नका, ओलं गोणपाट टाकून ठेवा आणि भर पावसाळ्यात ते काम काढू नका.