ऊन ते उपकेंद्र, भाग 7 : खावड्याची वीज नागपूरला कशी येणार?

कच्छच्या रणातला खावडा प्रकल्प आपण मागच्या भागात पाहिला. नियोजन 30 गिगावॉटचं, जमीन सरकारी, सलग आणि ओसाड. अशा जागी सौर प्रकल्प दीड-दोन वर्षांत उभा राहतो. त्याची वीज बाहेर काढणारी अतिउच्चदाब वाहिनी मात्र तेवढ्या वेळात क्वचितच पुरी होते. राजस्थानात 2025 मध्ये याचा फटका बसला. वाहिन्या अपुऱ्या पडल्या आणि भर उन्हात काही प्रकल्पांना उत्पादन कमी करावं लागलं.

खावड्याहून नागपूरला 800 केव्हीची, 6,000 मेगावॉट क्षमतेची डीसी वाहिनी मंजूर झाली आहे. काम पॉवरग्रिडकडे आहे. अंतर हजार किलोमीटरहून जास्त. इतका मोठा दाब कशासाठी? तारेतली गळती विद्युतप्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. दाब दुप्पट केला की तेवढ्याच विजेसाठी प्रवाह निम्मा लागतो आणि गळती चौथाईवर येते. शिवाय एसीला तीन फेजच्या तारा लागतात, डीसीचं काम दोन ध्रुवांवर भागतं. दोन्ही टोकांची रूपांतर केंद्रं फार महाग असतात, पण लांबच्या पल्ल्यात तो खर्च भरून निघतो. महाराष्ट्राला हे तंत्र नवं नाही. चंद्रपूरची औष्णिक वीज मुंबईकडे आणणारी चंद्रपूर–पडघे ही 500 केव्हीची, सुमारे 750 किलोमीटरची डीसी वाहिनी आपल्या वीज मंडळाने 1990 च्या दशकातच उभारायला घेतली होती.

खरी अडचण तारांखालच्या शेतांची आहे. 800 केव्ही डीसी वाहिनीला 69 मीटर रुंद पट्टा लागतो, म्हणजे किलोमीटरमागे सुमारे 17 एकर. ही जमीन संपादित होत नाही. सातबारा शेतकऱ्याच्याच नावावर राहतो, पीकही घेता येतं. पण त्या पट्ट्यात घर बांधता येत नाही, आंब्याचं झाड वाढवता येत नाही, आणि जमीन विकायला काढली की भाव पडतो. केंद्राच्या जून 2024 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार मनोऱ्याच्या पायाखालच्या जागेला जमिनीच्या किमतीच्या दुप्पट आणि तारांखालच्या पट्ट्याला 30 टक्के मोबदला आहे. 2015 मध्ये हेच आकडे 85 आणि 15 टक्के होते. सुधारणा मोठी आहे, तरी मला ती अपुरी वाटते. वाहिनी अनेक दशकं उभी राहणार आणि मोबदला मात्र एकदाच! त्यात डीसी वाहिनीला मध्येच फाटा काढून वाटेतल्या गावाला वीज देणं व्यवहारात परवडत नाही. वीज डोक्यावरून निघून जाते आणि शेतातला पंप रात्रीच्या पाळीची वाट पाहतो. अशा शेतकऱ्याने मोजणीला विरोध केला, तर त्याला विकासविरोधी म्हणणं अन्यायाचं आहे. वाहिनी चालू असेपर्यंत त्याला दरवर्षी भाडं मिळायला हवं. प्रकल्पाच्या एकूण खर्चात ते जड जाणार नाही, आणि रखडलेली कामंही त्याने लवकर मार्गी लागतील.

पुढच्या भागात माळढोक : वीजवाहिन्या जमिनीखालून नेण्याचा सर्वोच्च न्यायालयाचा 2021 चा आदेश 2024 मध्ये का बदलला?