चंद्रावरचं घर आणि कापडे गावातला धंदा



अंतराळात राहायच्या घरांचा व्हिडिओ पाहून तुम्ही म्हणाल, “सर, याचा आमच्या धंद्याशी काय संबंध?” संबंध आहे. उचलून नेता येतो, पटकन उभा राहतो, अशा निवाऱ्याची गरज चंद्रावर आहे तशी आपल्या डोंगरातही आहे.

आधी त्यांनी काय केलं ते बघा.

२०११ च्या स्पर्धेसाठी नासाने तीन अमेरिकी विद्यापीठांच्या विद्यार्थ्यांना फुगवून उभी करायची खोली बनवायला सांगितलं. नुसता नकाशा चालणार नव्हता, खोली उभी करून दाखवायची होती. विस्कॉन्सिनच्या मुलांची खोली निवडली गेली आणि ॲरिझोनाच्या वाळवंटात तपासली गेली. २०२० मध्ये डेन्मार्कच्या दोन तरुण आर्किटेक्टनी कागदाच्या घडीसारखं उलगडणारं घर ग्रीनलंडला नेलं आणि कडाक्याच्या थंडीत सुमारे दोन महिने स्वतःच त्यात राहिले. आपल्याकडेही नोव्हेंबर २०२४ मध्ये लेहला इस्रोची अशी मोहीम सुरू झाली. त्यात आका स्पेस स्टुडिओ, लडाख विद्यापीठ आणि आयआयटी मुंबई सोबत होते.

आता पोलादपूर तालुक्यातल्या कापडे गावात या. २२ जुलै २०२१ ला याच भागात दरडी कोसळल्या. महाडच्या तळीये गावात ८० हून जास्त माणसं गेली. पोलादपूरच्या केवनाळे आणि साखर सुतारवाडीतही जीव गेले. तळीयेतली वाचलेली कुटुंबं पुढे बराच काळ कंटेनरमध्ये राहिली. पत्र्याची खोली उन्हाळ्यात किती तापते, हे तुम्हाला सांगायला नको!

म्हणून निवारा बनवणाऱ्याने स्वतःला तीन प्रश्न विचारायचे:

१. कसा नेणार? टेम्पो थांबतो तिथून वाडीपर्यंत पायवाट आहे. दोन माणसांना न उचलणारा भाग बनवूच नका.

२. किती वेळात उभा राहणार? भर पावसात, वेल्डिंगशिवाय, फक्त नट-बोल्टवर. घड्याळ लावून बघा.

३. आत कोण राहून बघितलं? एक रात्र जुलैत, एक दुपार मे महिन्यात, तुम्ही स्वतः राहा. छत गळतं का, हवा खेळते का, कळेल.

आणि एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: चांगला निवारा धोक्याची जागा सुरक्षित करत नाही. दरडीखाली तो कोणी मागितला, तर नाही म्हणा.

आता पैशाचं. संकटाची वाट बघत धंदा करायचा नसतो. वर्षभराचं गिऱ्हाईक वेगळं आहे: जत्रेतला स्टॉल, बांधकामावरचे कामगार, शेतावरची राखण, ट्रेकर्सचा कॅम्प. त्यांना भाड्याने द्या. पाइप, ताडपत्री, मजुरी, वाहतूक आणि दुरुस्ती असा एका नगाचा खर्च काढा. किती दिवस भाड्याने गेला की तो वसूल होतो, ते आकड्यात लिहा. माल असा फिरता राहिला, तर अडचणीच्या दिवशी गावाला लगेच देता येईल.

आजचं काम: तुमच्या गावातल्या पाच जणांना विचारा, “तात्पुरता निवारा कधी लागला होता? तेव्हा काय वापरलं? काय त्रास झाला?” उत्तरं वहीत लिहा. पहिला पाइप त्यानंतरच कापा.

कोणती अडचण सगळ्यांनी सांगितली, ते कमेंटमध्ये नक्की कळवा. भेटू पुढच्या व्हिडिओत!