सव्वासहाशे दिवस आणि सेतूचे पंचेचाळीस

मार्च २०२० च्या मध्यावर महाराष्ट्रातल्या शाळांना कुलूप लागलं. नववी ते बारावीचे वर्ग त्याच वर्षी नोव्हेंबरअखेर काही ठिकाणी उघडले, पाचवी ते आठवीचे जानेवारी २०२१ अखेर. दुसरी लाट आली आणि तेही पुन्हा बंद झाले. ग्रामीण भागातले पहिली ते चौथीचे वर्ग थेट १ डिसेंबर २०२१ रोजी भरले. म्हणजे साधारण सव्वासहाशे दिवस.

शिक्षण हक्क कायद्याच्या हिशेबाने पहिली ते पाचवीला वर्षाकाठी किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन व्हायला हवं. जून २०२० मध्ये पहिलीत नाव घातलेल्या मुलाच्या वाट्याला त्या वर्षी वर्गातला एकही तास आला नाही. ते मूल शाळेची पायरी पहिल्यांदा चढलं तेव्हा हजेरीपटावर दुसरीत होतं. बाईंनी नाव पुकारल्यावर ‘हजर’ म्हणायचं असतं, हेही त्याला ठाऊक नव्हतं; ते पहिलीच्या पहिल्या आठवड्यात शिकायचं असतं. हातात पुस्तक दुसरीचं आणि पेन्सिल धरायची बोटं अजून बालवाडीतली, अशा मुलांना घेऊन शिक्षकांनी सुरुवात केली. जानेवारीत ओमायक्रॉनने आणखी काही आठवडे खाल्ले.

याच काळात गावच्या पारावर एक वाक्य सर्रास ऐकू यायचं : शाळा बंद आणि मास्तरांचा पगार सुरू. ‘शाळा बंद, पण शिक्षण सुरू’ या सरकारी घोषवाक्याला लोकांनी दिलेलं ते उत्तर होतं. राग समजण्यासारखा असला, तरी आकडे त्याला साथ देत नाहीत.

‘शिक्षक’ या एका शब्दात तेव्हा निदान तीन वेगळे पगार होते. जिल्हा परिषदेच्या आणि अनुदानित शाळेतल्या कायम शिक्षकांचा पगार चालू राहिला, हे खरंच. मार्च २०२० चं वेतन सरकारने दोन टप्प्यांत द्यायचं ठरवलं. क वर्गाच्या कर्मचाऱ्यांना आधी ७५ टक्के. पण हीच माणसं चेकपोस्टवर उभी होती, रेशन दुकानांवर देखरेख करत होती, ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत दारोदार तापमान मोजत होती. त्यांना फुकट पगार मिळाला, असं म्हणता येणार नाही. मात्र पगाराच्या बदल्यात राज्याने त्यांच्याकडून शिकवणं सोडून बाकी पुष्कळ काही करून घेतलं.

दुसरा गट शिक्षण सेवकांचा. प्राथमिकला तेव्हा महिना ६,००० रुपये मानधन होतं. पंचवीस दिवसांनी भागलं तर दिवसाला २४० रुपये. २०२०-२१ मध्ये महाराष्ट्रातली रोजगार हमीची मजुरी दिवसाला २३८ रुपये होती. डी.एड. करून, पात्रता परीक्षा देऊन वर्गावर उभ्या राहिलेल्या माणसाची किंमत आपण एवढी ठरवली होती! २०२३ मध्ये हे मानधन १६,००० झालं, तेही उच्च न्यायालयाने कान टोचल्यानंतर.

तिसरा गट विनाअनुदानित शाळांचा, आणि खरा मार बसला तो याच शिक्षकांना. पालकांचे रोजगार गेले, फी थकली. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२१ मध्ये राजस्थानच्या खटल्यात १५ टक्के फी-कपात मान्य केली आणि ऑगस्टमध्ये महाराष्ट्रानेही तोच आकडा धरला. पालकांना तो दिलासा हवाच होता. पण फी कमी झाल्यावर शिक्षकाचा पगार कुठून येणार, याचं उत्तर कुणी दिलं नाही. अनेक संस्थांनी पगार अर्ध्यावर आणले, काहींनी थांबवले. तेलंगण सरकारने एप्रिल २०२१ मध्ये खासगी शाळांतल्या शिक्षकांना महिना २,००० रुपये आणि २५ किलो तांदूळ जाहीर केला. रक्कम तुटपुंजी होती, पण निदान हा माणूस सरकारला दिसला. ‘यू-डायस’ या शाळांच्या सरकारी माहितीसाठ्यातल्या नोंदीनुसार २०२०-२१ ते २०२१-२२ या एका वर्षात देशात १ लाख ८९ हजार शिक्षक घटले. सरकारी शाळांत ही घट ०.९ टक्के होती, खासगी शाळांत २.९४ टक्के.

आता मुलांकडे वळू. ऑगस्ट २०२१ मध्ये पंधरा राज्यं आणि केंद्रशासित प्रदेशांत गरीब घरांतल्या सुमारे १,४०० मुलांची पाहणी झाली. ग्रामीण भागात नियमित ऑनलाइन शिकणारी मुलं ८ टक्के निघाली. अजिबात न शिकणारी ३७ टक्के. पुढे ‘असर’ या शैक्षणिक पाहणीने २०२२ मध्ये ग्रामीण भारतातली तिसरीची मुलं तपासली. ही तीच तुकडी, जिने पहिलीचा वर्ग जवळजवळ पाहिलाच नव्हता. दुसरीचा उतारा वाचू शकणारी त्यांत २०.५ टक्के होती. २०१८ च्या तिसरीत २७.३ टक्के. २०२४ मध्ये हीच तुकडी पाचवीत असताना दुसरीचा उतारा वाचणारी मुलं ४८.८ टक्के झाली. २०१८ च्या पाचवीचा आकडा ५०.५ होता. खड्डा बराचसा भरला, याचं श्रेय वर्गात राबलेल्या शिक्षकांना द्यायलाच हवं. तरी पाचवीतल्या सुमारे निम्म्या मुलांना दुसरीचा उतारा वाचता येत नाही, हे आपलं ‘पूर्ववत’ आहे.

बंद शाळांचा परिणाम किती काळ टिकतो, हे आधीच दिसलं होतं. ऑक्टोबर २००५ मध्ये पाकिस्तानात भूकंप झाला. भूकंपरेषेजवळच्या शाळा सरासरी १४ आठवडे बंद होत्या. अंद्राबी, डॅनियल्स आणि दास या संशोधकांनी चार वर्षांनी तिथली मुलं तपासली, तेव्हा ती दीड इयत्ता मागे होती. शाळा उघडल्यावर पुस्तक पुढे सरकत गेलं आणि मुलं मागेच राहिली, असा त्याचा अर्थ लागतो. आई किमान प्राथमिक शाळा शिकलेली होती, त्या मुलांचं मात्र नुकसान दिसलं नाही. घरातल्या एका साक्षर बाईने सरकारी यंत्रणेची कसर भरून काढली.

आपण काय केलं? १ जुलै २०२१ पासून ४५ दिवसांचा सेतू अभ्यासक्रम, तोही प्राथमिकचे वर्ग बंद असताना. सव्वासहाशे दिवसांचं अंतर जोडायला पंचेचाळीस दिवसांचा सेतू पुरणार नव्हता. पुन्हा अशी वेळ आली, तर बंद काळात प्रत्येक शिक्षकाला, शाळा कुठल्याही प्रकारची असो, वेतनाची हमी हवी. आणि शाळा उघडल्यावर जादा तासांसाठी वेगळा मोबदला हवा. गेलेले तास भरून काढणारा माणूसच उपाशी किंवा दुसऱ्या कामावर गेला, तर ते तास परत येत नाहीत.

पहिलीचा वर्ग न पाहिलेली ती तुकडी २०३० मध्ये दहावीच्या परीक्षेला बसेल. तुम्ही पालक असाल, तर शाळा व्यवस्थापन समितीच्या पुढच्या बैठकीत एवढंच विचारा : आपल्या वर्गातली किती मुलं न अडखळता वाचतात? आणि त्यांना शिकवणाऱ्याला या महिन्याचा पगार मिळाला का?