शेवटचे चाळीस फूट



डब्लिन म्हणजे आमचं कॅलिफोर्नियातलं, ५८० आणि ६८० हे फ्रीवे एकमेकांना छेदतात तिथलं. ओहायोतलं नव्हे, आणि आयर्लंडचं तर नव्हेच. २००० च्या जनगणनेत गावात जेमतेम ३०,००० माणसं होती, २०२० मध्ये ती ७२,००० च्या वर गेली. म्हणजे इथली बरीचशी घरं गेल्या पंचवीस वर्षांतली आहेत. या माहितीचा नेटवर्कशी काय संबंध, ते पुढे येईलच.

२०२० पासून अर्धं ऑफिस घरात आलं आणि तेव्हापासून ओळखीतले लोक मला एकच प्रश्न विचारतात, "कुठला राउटर घेऊ?" माझं उत्तर ठरलेलं आहे : आधी घरातल्या भिंती बघा.

आमचे आई-बाबा पुण्याला, कोथरूडला. उन्हाळ्यात इथले रात्रीचे साडेआठ म्हणजे तिथले सकाळचे नऊ, ही आमची बोलण्याची वेळ. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. इथून पुणं सरळ रेषेत १३,००० किलोमीटरच्या पुढे, आणि समुद्रातल्या केबल काही सरळ रेषेत जात नाहीत. त्यामुळे जाऊन-येऊन २०० ते ३०० मिलिसेकंद लागतातच. कितीही महागडं कनेक्शन घ्या, यातून सुटका नाही. पण हा उशीर एकसारखा असला की कानाला त्याची सवय होते. त्रास होतो तो उशीर सारखा बदलला की. आत्ता २५०, मग ६००, मग ३००. शब्द तुटतात ते त्यामुळे.

बाबांना २०२२ मध्ये पॅरालिसिसचा सौम्य झटका येऊन गेला. त्यातून ते बरे झाले, पण दमले की बोलणं अडखळतं. शब्द तुटला तर तो बाबांचा की नेटवर्कचा, हे मला इथे बसून कळायला हवं. आई तर "काही नाही रे, ठीक आहेत" एवढंच सांगणार.

तेव्हा मी मोजायला बसलो. तुम्हीही करून बघा. लॅपटॉपवरून पुण्याला नाही, स्वतःच्याच राउटरला पिंग करा. पत्ता बहुधा १९२.१६८ ने सुरू होणारा असतो. तारेने जोडलेल्या मशीनवर उत्तर एका मिलिसेकंदाच्या आत येतं. आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत वायफायवर आकडा ४ पासून १८० पर्यंत उड्या मारत होता. म्हणजे गडबड समुद्रात नव्हती, घरातल्याच शेवटच्या चाळीस फुटांत होती.

इथली तीन मजली टाउनहाउसेस तुम्ही पाहिली असतील. खाली गॅरेज, केबल तिथे येते, म्हणून मोडेमही तिथेच. ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल दोन मजले चढेपर्यंत दमतो. २.४ चा पोचतो, पण त्यात एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच (१, ६ आणि ११), आणि भिंतीपलीकडच्या शेजाऱ्यांची पंधरा-वीस वायफाय तिथेच गर्दी करून असतात. मेश घेतलं तरी त्याचे डबे एकमेकांशी हवेतूनच बोलणार असतील तर गर्दीत आणखी भर! मेशचे डबे तारेने जोडले तर मात्र ते उत्तम चालतं.

आता भिंतींकडे येऊ. या नव्या घरांत बिल्डरने खोल्याखोल्यांत टेलिफोनचे जॅक दिलेले असतात, जे आज कोणी वापरत नाही. एकाची प्लेट स्क्रूड्रायव्हरने उघडा आणि वायरीवर काय छापलंय ते वाचा. 'कॅट-५ई' दिसलं तर पेढे वाटा. आत आठ तारा असतात, फोनला त्यातल्या दोन-चारच लागतात. या वायरी गॅरेजमधल्या नाहीतर मास्टर बेडरूमच्या क्लॉझेटमधल्या पत्र्याच्या डब्यात येतात. प्रत्येक खोलीची वायर तिथे वेगळी आली असेल तर काम सोपं आहे. जॅक काढून आरजे-४५ चा बसवायचा आणि आठही तारा रंगांच्या क्रमाने दाबायच्या. क्रम ए असो वा बी, दोन्ही टोकांना एकच हवा. तारांचा पीळ अर्ध्या इंचापेक्षा जास्त सोडू नका. मग डब्यात आठ पोर्टचा गिगाबिट स्विच ठेवला की झालं. कॅट-५ई १०० मीटरपर्यंत एक गिगाबिट आरामात नेते, आणि आपलं घर काही एवढं लांब नसतं.

(हे इथरनेट जन्मलं आमच्या खाडीपलीकडे, पालो आल्टोला, झेरॉक्सच्या पार्क प्रयोगशाळेत, १९७३ साली. मेटकाफ आणि बॉग्ज या दोघांचं काम. वेग तेव्हा तीन मेगाबिटसुद्धा नव्हता.)

भाड्याच्या घरात असाल तर प्लेटा उघडण्याआधी मालकाला विचारा. टीव्हीची कोअ‍ॅक्स केबल असेल तर मोका अ‍ॅडॅप्टरची जोडी लावून तीवरूनही नेटवर्क नेता येतं. फक्त केबल घरात शिरते तिथे फिल्टर लावा, नाहीतर तुमचा सिग्नल शेजारी जाईल.

तार ओढूनही एक दुखणं उरतं ते अपलोडचं. केबल कनेक्शनला वर जाणारा रस्ता अरुंद असतो. मुलांच्या फोनने वाढदिवसाचे व्हिडिओ क्लाउडवर चढवायला घेतले की पुण्याला आमचं चित्र गोठतं. राउटरमध्ये क्यूओएस किंवा एसक्यूएम असेल तर अपलोडची मर्यादा मोजलेल्या वेगाच्या नव्वद टक्क्यांवर बांधा. आमच्याकडे तारेच्या खालोखाल फायदा याचाच झाला.

सुरक्षेबद्दल थोडक्यात : बल्ब, कॅमेरे, टीव्ही ही मंडळी गेस्ट नेटवर्कवर, ऑफिसचा लॅपटॉप त्यांच्यापासून दूर. २०१६ मध्ये मिराईने जगभरातले कॅमेरे आणि राउटर पळवले ते कारखान्यातून आलेले पासवर्ड कोणी बदलले नव्हते म्हणून.

आणि कॉलला दोन टोकं असतात, हे विसरू नका. कोथरूडला फायबर हॉलमध्ये टीव्हीजवळ येतं, बाबा बसतात आतल्या खोलीत, आणि मध्ये विटांच्या भिंती, ज्या आपल्या इथल्या ड्रायवॉलच्या दसपट आडमुठ्या. गेल्या डिसेंबरात गेलो तेव्हा वीस मीटर केबल नेली. "भिंतीला भोक पाडायचं नाही," ही बाबांची अट. इलेक्ट्रिशियनने दाराच्या चौकटीच्या कडेने केसिंग-पट्टी लावून तासाभरात केबल आत नेली आणि बाबांच्या टेबलावरच्या लॅपटॉपला जोडली. आता बाबा बीपीची वही कॅमेऱ्यासमोर धरतात तेव्हा मला आकडे वाचता येतात.

तुम्ही जाणार असाल तर टेस्टर आणि दहा-बारा जास्तीचे प्लग घेऊन जा. क्रिमिंग टूल मात्र चेक-इन बॅगेत टाका, हातातल्या बॅगेत असलं तर सिक्युरिटीवाले काढून घेतील.

चू. भू. द्या. घ्या.